आकडे सारखे, शेजार वेगळा

मंडळी, शरदचंद्र श्रीखंडे यांचं नाव निघालं की पुण्यात काय नि नागपुरात काय, आपण थेट ऑयलरवर जातो. १९५९ साली बोस आणि पार्कर यांच्यासह त्यांनी ऑयलरचं लॅटिन चौरसांबद्दलचं अनुमान खोटं पाडलं, ते खरंच. पण त्याच वर्षीचा त्यांचा एकट्याचा एक निबंध आपण नुसतं नाव घेऊन सोडून देतो. आज तोच वाचू.

बुद्धिबळाचा ४ बाय ४ पट घ्या. हत्ती एका चालीत जिथे जातो, ती घरं एकमेकांना जोडा. घरं १६, प्रत्येकाचे शेजारी ६. कोणतीही दोन घरं निवडा, जोडलेली असोत वा नसोत, त्यांचे सामाईक शेजारी २च. एवढ्या आकड्यांवरून ग्राफ ठरतो का? श्रीखंडे यांनी दाखवलं, की पट इतर कुठल्याही आकाराचा असेल तर ठरतो. ४ बाय ४ला मात्र आणखी एक ग्राफ निघतो, एकच. तोच आज श्रीखंडे ग्राफ.

दोघांतला फरक कळतो शेजारात. एका घरापाशी उभे राहा. सहा शेजाऱ्यांपैकी प्रत्येकाची उरलेल्यांतल्या दोघांशी ओळख असणार. म्हणजे एकतर तिघा-तिघांची दोन टोळकी, नाहीतर सहा जणांचं एक कडं. हत्तीच्या ग्राफात टोळकी आहेत, एक आडव्या ओळीतलं, एक उभ्या. श्रीखंडे ग्राफात सगळीकडे कडं.

इथे आमची तक्रार आहे. ‘शेजार पाहिला की ग्राफ ओळखला’ असं सर्रास शिकवलं जातं. ते अर्धंच खरं. ठिपक्यांची तिरकी रांगोळी सगळ्या बाजूंनी न संपता पसरली आहे असं समजा. तिथेही प्रत्येक ठिपक्याभोवती सहांचं कडंच दिसेल! शेजारावरून ग्राफ संपतो की नाही, तेही कळत नाही. १६ हा आकडा आणि सामाईक शेजाऱ्यांची अट सोबत धरली, तरच ओळख पक्की होते.

दुसरी तक्रार थोडी प्रेमाची. निबंधाच्या शीर्षकात ‘एकमेवता’ आहे, आणि आपण त्याला ओळखतो ती त्यातल्या अपवादामुळे. अपवाद टिपणीत ढकलला असता, तर आकडे कुठे अपुरे पडतात हे कळलंच नसतं.

घरी गेल्यावर करून बघा. ४ बाय ४ घरं आखा, वरची कड खालच्या कडेला आणि डावी उजवीला चिकटली आहे असं माना. प्रत्येक घर चार बाजूंना आणि एकाच तिरक्या रेघेवरच्या दोन घरांना जोडा. मग कडं मोजा.