लंपनची बोली आणि आपली लेखणी

आपल्या भागातले बरेच होतकरू लेखक बोलतात गोड आणि लिहितात करकरीत. घरात 'काय करायलास?' म्हणणारा माणूस कागद पुढे ओढला, की 'तो गहन चिंतनात मग्न झाला होता' असे लिहू लागतो. पुण्याचा कुणी परीक्षक खांद्यावरून वाचतो आहे, असे त्याला वाटत असावे. मग कथेत माणूस उरत नाही, आणि वाचक दुसऱ्या पानावर अंक मिटतो.

यावर उतारा म्हणून प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' पुन्हा वाचावा. संत म्हणजे इंदिराबाई संतांचे चिरंजीव. बालपण बेळगावात, नोकरी कऱ्हाडला भूशास्त्र शिकविण्याची. मौजेने १९९४ साली हा संग्रह काढला. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी वाढणारा लंपन हा त्याचा निवेदक. या विषयावर वाचकाला रडविणे किती सोपे होते! पण लंपनजवळ दुःखासाठी मोठ्यांचे शब्दच नाहीत. त्याच्याजवळ आहेत त्या वस्तू, वास, आवाज, आणि अतिशयोक्तीसुद्धा नेमक्या आकड्यांत करण्याची खोड. 'असंख्य वेळा' म्हटले की डोळ्यांपुढे काहीच येत नाही. विचित्र, नेमका आकडा आला की मोजणारा मुलगा दिसतो. (पुढच्या संग्रहांत ही लकब जरा सवयीची होते, हेही म्हटले पाहिजे.)

'तिला अतीव दुःख झाले' या वाक्यात लेखकाने वाचकाचे काम स्वतःच उरकून टाकलेले असते. 'चहावर साय धरली तरी तिने कप उचलला नाही' असे लिहिले, तर दुःख वाचकाला स्वतः शोधावे लागते. त्या शोधण्यातच तो गुंततो.

संतांचे अनुकरण करणारे मात्र वरवरचे तेवढे उचलतात. प्रत्येक वाक्याला 'की' जोडला, मधे एक कानडी शब्द टाकला, की झाली म्हणे सीमाभागाची कथा! भाजीवर फोडणी ओतावी तशी बोली वरून ओतता येत नाही. आपल्याकडची आजी बाजारात 'एष्टु?' म्हणून भाव विचारते आणि घरी येऊन सुनेला मराठीत हिशेब देते. ती भाषा कुठल्या क्षणी बदलते, कुणापुढे बदलते, रागावली की कोणत्या भाषेत जाते, हे लेखकाने ऐकलेले असले पाहिजे. त्या एका वळणात तिचा स्वभाव दिसतो. तिच्यावर परिच्छेदभर वर्णन खर्चावे लागत नाही.

आणि संपादकांनाही एक विनंती. आपल्याकडच्या कित्येक बायका 'मी आलो' म्हणतात. कथेत त्या तशा बोलल्या, तर मुद्रिते तपासताना 'आले' करू नये.