‘कर्म’ शब्दाचा पाठ आणि प्यू केंद्राचा अहवाल

अमेरिकेंतील प्यू संशोधन केंद्रानें 2021 च्या जूनमध्यें भारतांतील धर्मजीवनावर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. 2019 च्या अखेरीपासून 2020 च्या मार्चपर्यंत सुमारें 30,000 प्रौढ स्त्रीपुरुषांस समक्ष गांठून 17 भाषांत प्रश्न विचारले. हा उद्योग लहान नव्हे. चालू काळच्या समाजशास्त्राचा ग्रंथ या त्रैमासिकांत कशास, असें वाचक विचारतील. उत्तर इतकेंच कीं, आम्हांस त्यांत दिसलेला दोष पाठचिकित्सेचा आहे, आणि तो प्रांत आपला आहे.

शेंकडा 77 हिंदू कर्म मानतात आणि मुसलमानही नेमके शेंकडा 77 मानतात, असें अहवाल सांगतो. आकडा वाचतांच दोन्ही समाजांची श्रद्धा एकच, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु कोष्टकावर छापलेला प्रश्न इंग्रजी आहे. उत्तर देणारानें कानांनीं ऐकिलेला शब्द कोणता, व तो कोणत्या अर्थीं घेतला? वेदान्तांत कर्म म्हणजे जन्मांतरीं फळणारें कृत्य, मीमांसकांच्या लेखीं यज्ञादि विधि, आणि दूध उतूं गेलें कीं घरची बाई कपाळास हात लावून "कर्म माझें!" म्हणते, तेथें केवळ नशीब. या तिसऱ्या अर्थीं होकार देणारास पुनर्जन्म मानावा लागत नाहीं. आणि त्याच अहवालांत पुनर्जन्म मानणारे हिंदू अवघे शेंकडा 40 आहेत! भाषांतरें तज्ज्ञांकडून पडताळून घेतल्याचें अहवालांत नमूद आहे व तें आम्हांस मान्य आहे. पण शुद्ध भाषांतरानें अनेकार्थी शब्द एकार्थी होत नाहीं.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीं सतराव्या शतकांत ‘योगसंग्राम’ रचिला. त्याची जुनी पोथी ज्यानें चाळिली असेल, त्यास मुसलमानाच्या तोंडीं कर्म हा शब्द ऐकून नवल वाटणार नाहीं. तथापि पोथींत त्या शब्दामागें-पुढें ओव्या असतात, संशय आला तर दुसरी प्रत काढून पाहतां येते. नुसत्या ‘होय’ला मागची-पुढची ओवी नाहीं.

आंतरधर्मीय विवाहासंबंधीं मात्र शंकेस जागा थोडी. आपल्या स्त्रियांचीं धर्माबाहेरील लग्नें रोखणें फार महत्त्वाचें, असें शेंकडा 67 हिंदू व 80 मुसलमान म्हणाले. ‘लग्न’ शब्दास पाठभेद नाहीं.

सर्वांत नाजूक गोष्ट बौद्धांची. त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश ईश्वर मानीत नाहींत, असा आकडा दिला आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणें भारतांतील सुमारें 84 लक्ष बौद्धांपैकीं 65 लक्ष महाराष्ट्रांतले; म्हणजे येथें मराठी प्रश्नाचें महत्त्व विशेष. 1956 च्या ऑक्टोबरांत नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं दिलेल्या 22 प्रतिज्ञांतील पहिलीच, ब्रह्मा, विष्णु, महेश यांस देव न मानण्याची आहे. प्रश्नांत ‘देव’ हा शब्द असेल तर ऐकणारास ती प्रतिज्ञा आठवणारच; ‘ईश्वर’ असेल तर गोष्ट निराळी. एवढ्या एका शब्दापायीं किती माणसें आस्तिकांच्या रकान्यांतून नास्तिकांच्या रकान्यांत गेलीं असतील, हें मराठी पाठ समोर असल्यावांचून कोण सांगणार? आपली श्रद्धा काय, हें सांगण्याचा ज्यांचा अधिकार, त्यांच्या वतीनें येथें भाषांतरकार बोलून जातो.

पुढील आवृत्तींत प्रत्येक कोष्टकाखालीं, विचारलेला प्रश्न त्या त्या भाषेंत व लिपींत जसाच्या तसा छापावा. पानें वाढतील, तीं वाढूं द्यावीं.