भाड्याची जागा आणि चोरीचा आरोप

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा मी बी.ए.च्या वर्गाला गेली सहा वर्षे शिकवतो आहे. १९६३ साली याच नावाचा संग्रह आला आणि मराठी कथेचा पोतच बदलला, येथून माझे व्याख्यान सुरू होते. मग विद्रोह येतो, मनुव्यवस्था येते, काशिनाथ सकपाळचा संताप येतो. मुले परीक्षेत तेच लिहितात आणि मी त्यांना गुण देतो. आता मात्र मला असे वाटू लागले आहे की, या कथेतली अगदी साधी गोष्ट मी मुलांना कधी दाखवलीच नाही. ती भाड्याच्या जागेची कथा आहे.

कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो. नोकरी त्याला मिळालेली आहे. अडते ते डोके टेकायला जागा मिळण्यापाशी. जागा हवी म्हटले की जातीचा प्रश्न आलाच, आणि त्या प्रश्नाला बगल दिली की ‘चोरी’ झाली. पुढचा सगळा स्नेह, आदर आणि शेवटची मारहाण या एका मुळातून फुटते. ‘चोरली’ हे क्रियापद मुळात घरमालकाचे आहे. बागुलांनी ते त्याच्या तोंडातून काढून नायकाच्या तोंडी घातले आणि थेट शीर्षकात बसवले. आपल्या समीक्षेने मात्र तो शब्द जसाच्या तसा घेतला. जात लपवणारा तो भेकड, उघडपणे सांगणारा काशिनाथ तो खरा, अशी वाटणी आपण करून टाकली. पांढरपेशा दलितावर कोरडे ओढायला ती सोयीची पडते. मीही ओढले आहेत.

या कथेच्या ४६ वर्षे आधी, १९१७ साली, बाबासाहेब बडोद्याला संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तिथेही नोकरी होती, जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांना राहावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यातला एक बारकावा आपण विसरतो. नाव बदलण्याचा तोडगा त्यांनी सुचवला खरा, पण धर्मशाळेच्या रखवालदाराने त्याची अट केली : रोजचा दीड रुपया द्यायचा आणि वहीत पारशी म्हणून नोंद करायची. बरेच दिवस कुणी उतारू आलेला नसावा, त्याला पैसे हवे होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले तेव्हा जाब मात्र एकट्या बाबासाहेबांना द्यावा लागला. दीड रुपया रोज घेणाऱ्याला चोर कुणी म्हटले नाही.

मला हे सुचले ते पुस्तकामुळे नव्हे. जुनी नियतकालिके चाळण्यासाठी मी गेल्या वर्षी सहा महिन्यांची रजा घेऊन मुंबईला गेलो. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादर पूर्वेला. माझा मावसभाऊ बँकेत अधिकारी, घरभाडे त्याची बँक देते. नाहीतर प्राध्यापकाच्या पगारात त्या भागातल्या जिन्यावरही कुणी झोपू देणार नाही. दोघे मिळून राहू असे ठरले.

हा भाग कसा वसला हे आपल्या वाचकांनी ध्यानात घेतले पाहिजे. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याच ट्रस्टने परळला कामकरी माणसांसाठी चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याला मध्यमवर्गासाठी प्लॉट पाडले. बीआयटी चाळ म्हणतात ती हीच. एकाच संस्थेच्या दोन वह्या म्हणा ना! बाबासाहेब परळच्या चाळीत दोन खोल्यांत बरीच वर्षे राहिले आणि १९३० नंतरच्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून राहायला आले. भाड्याच्या जागेचा अनुभव घेतलेल्या माणसाने ग्रंथांसाठी घर बांधले. २०२० च्या जुलैत तिथल्या कुंड्या आणि काचा फोडल्या गेल्या. जवळच पारशी कॉलनी आहे. तिथे एकेका रस्त्याला एकेका जातीचे झाड लावलेले. झाडांची जात सांगायला तिथे कुणाला संकोच वाटत नाही.

मी एकटा एजंटाबरोबर जागा पाहायला गेलो, कारण भावाला रजा नव्हती. इमारत स्वातंत्र्यापूर्वीची. रस्त्यावर रेन ट्रीची सावली, खिडकीत फांद्या. घरमालक वृद्ध आणि अतिशय सुसंस्कृत. ‘जुन्याचा आत्मा ठेवून सगळं नवं केलंय,’ ते म्हणाले. खरेच केले होते. जुन्या फरशीला पॉलिश, सागवानी दाराला पॉलिश, स्वयंपाकघर कोरे करकरीत, आत कमोड. मागच्या अंगाला गोल लोखंडी जिना होता, त्याच्या प्रत्येक पायरीवर मनीप्लँटची कुंडी. ‘हा जुना जिना, शोभेला ठेवलाय,’ असे त्यांनी सांगितले. मुंबईच्या जुन्या इमारतींना असा जिना का असे, हे मला माहीत होते. तो मेहतराचा जिना. संडास साफ करायला येणाऱ्याने घरातून जायचे नाही, मागून चढायचे. पारिजातक, आड आणि तुळशीवृंदावन यांवर मराठीत किती तरी गोड ललित गद्य लिहिले गेले, पण वाड्याच्या मागच्या दाराने कोण येत होते याचा पत्ता त्यात सहसा लागत नाही. जुन्या घराला हिरवा रंग देऊन आपला भूतकाळ झाकता येतो. त्याला कुणी चोर म्हणत नाही, त्याचे भाडे वाढते.

‘गाव कुठलं?’
‘पाथरी.’
‘म्हणजे साईबाबांचं पाथरी!’ ते प्रसन्न झाले. २०२० साली साईंच्या जन्मस्थानावरून शिर्डी बंद झाली तेव्हापासून आमचे गाव मुंबईकरांना ठाऊक झाले आहे. मग त्यांनी आडनाव विचारले. मी सांगितले. क्षणभराने त्यांनी विचारले, ‘पाथरीत कोणत्या गल्लीत?’ मी तेही खरे सांगितले. त्यांनी चहा दिला, कपही चांगला दिला, आणि सोसायटीला विचारून कळवतो म्हणाले.

१९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा, जो १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, त्याच्या चौथ्या कलमात कोणत्याही वस्तीत घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने अडवले तर शिक्षा आहे. पण ‘कळवतो’ या शब्दावर कोणते कलम लावणार? आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व फक्त पारशांनाच देण्याची मुभा दिली, तीही संघटना-स्वातंत्र्याच्या नावाने. दिल्लीच्या परिसरात भाड्याची घरे मागून पाहणारा सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दलित नावांना नकार मिळाले, मुस्लिम नावांना त्याहून अधिक.

जिना उतरताना एजंट म्हणाला, ‘सर, पुढच्या वेळी तुम्ही येऊ नका. साहेबांना एकट्याला पाठवा.’ मावसभावाचे आडनाव गावावरून पडलेले, ‘कर’ लागणारे, कुठेही चालणारे. आठवड्यात त्याच गल्लीत दुसरी जागा मिळाली. एजंटाने एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतले. मी मागाहून बॅग घेऊन गेलो, बँकेतला मित्र म्हणून. बाबासाहेबांचा फोटो भावाने कपाटाच्या दाराला आतून लावला. मी काही बोललो नाही.

तिथे बसून मी बागुलांची कथा पुन्हा वाचली. काशिनाथ मला पूर्वीइतकाच मोठा वाटला, पण त्याच्या खांद्यावरून नायकाकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला हे कळेना. मार नायक खातो आणि कथाही तोच सांगतो. ज्याला लपवावे लागले त्याच्याच हाती बागुलांनी निवेदन दिले. त्याच्यावर त्यांचा आपल्यापेक्षा अधिक विश्वास असला पाहिजे.

डिसेंबर उजाडला. जिन्याखाली सूचना लागली : ५ ते ७ तारखेपर्यंत फाटक बंद ठेवावे, अनोळखी व्यक्तींना आत घेऊ नये. पाच तारखेला माय गावच्या बायांबरोबर रेल्वेने आली. चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहिली आणि रात्री शिवाजी पार्कच्या मांडवात सतरंजीवर पडली. आमच्या खोलीपासून चालत अर्धा तास. मी डबा घेऊन गेलो. भाकरी मोडता मोडता तिने विचारले, ‘घर कसं हाय रं तुमचं? झाडं हायेत म्हनं लई.’

‘आहेत,’ मी म्हणालो.

‘मंग दाव की उद्या.’

मी तिला सांगितले की ते फार लांब आहे.