घोड्याच्या पायांचा ‘ग्रीस’ रोग व जेन्नरचा ग्रंथ : एक परीक्षण

एडवर्ड जेन्नर याचा देवींच्या लशीवरील ग्रंथ इ. स. १७९८ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. देवी काढण्याच्या इतिहासांत त्याचें स्थान सर्वमान्य आहे. परंतु त्यांतील आरंभीचें प्रतिपादन वाचक बहुधा ओलांडून पुढें जातात. तें प्रतिपादन घोड्याच्या पायांविषयीं आहे. गाईच्या आचळांवर उठणाऱ्या फोडांचें मूळ घोड्याच्या पायांस होणाऱ्या ‘ग्रीस’ नांवाच्या रोगांत आहे, असें जेन्नर म्हणतो. हें मत पुष्कळ दिवस त्याची चूक म्हणूनच गणलें गेलें. तो निवाडा कितपत बरोबर होता, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. घोड्याच्या खुराच्या वर, मागल्या बाजूस, कातडी सुजते, तिला भेगा पडतात, चिकट व दुर्गंधी स्राव वाहूं लागतो आणि त्याच्या खपल्या धरतात. नालबंद व मोतद्दार ती जागा धुऊन तीवर औषध लावीत. जेन्नरच्या ग्लॉस्टरशायर परगण्यांत दूध काढण्याचें काम पुरुष चाकरही करीत. त्यामुळें घोड्याच्या पायास औषध लावलेले हात न धुतां गाईच्या आचळांस लागत. तात्पर्य, उपचार करणारा हातच रोगाचा वाहक होई, अशी जेन्नरची उपपत्ति होती. त्याच्या ग्रंथांतील पहिलाच दाखला जोसेफ मेरेट नामक चाकराचा आहे. १७७० सालीं तो घोड्यांच्या पायांची शुश्रूषा करी व गाईही पिळी. गाईंस फोड आले, मग त्याच्या हातांस आले. पुढें १७९५ सालीं त्यास मानवी देवींचें द्रव्य टोचलें असतां देवी आल्या नाहींत.

यावर लंडनच्या वुडविलप्रभृति डॉक्टरांनीं ‘ग्रीस’ झालेल्या घोड्यांचा स्राव गाईंच्या आचळांस टोचून पाहिला. फोड उठले नाहींत, आणि घोड्याची गोष्ट खोटी असा निर्णय झाला. परंतु १८०१ सालीं यॉर्कशायरमधील जॉन लॉय या वैद्यानें आपले प्रयोग छापले, त्यांत घोड्याच्या पायांतील द्रव्यानें गाईस फोड उठला होता. लॉयचें खरें महत्त्व पुढेंच आहे. ‘ग्रीस’ या एका नांवाखालीं दोन रोग चालतात, असें त्यानें दाखविलें : एक केवळ पायापुरता असतो, दुसऱ्यांत घोड्यास ताप येऊन अंगावर फोड उठतात. फोडांची लस मिळते ती दुसऱ्यांतच. विरोधकांचा प्रयोग खोटा नव्हता. त्यांनीं ज्या घोड्यांवर तो केला, त्यांचा रोग निराळा असण्याचा संभव मात्र त्यांनीं विचारांत घेतला नाहीं.

येथें जेन्नरचाही दोष झांकण्याचें कारण नाहीं. निरनिराळ्या विकारांस त्यानें एकच नांव चालूं दिलें. शिवाय, घोड्यापासून आलेले फोड तेवढे खरे व आपोआप उठलेले खोटे, असा भेद करून, जें सिद्ध करावयाचें तेंच त्यानें कसोटी म्हणून वापरलें. असें असूनही ग्रंथाच्या नांवांत त्यानें गाईचेंच नांव घातलें. पुढें मात्र थेट घोड्यापासून निघालेली लस त्यानें स्वतः वापरली. १८१७ सालच्या त्याच्या टिपणांत तशी नोंद आहे.

घोड्यांच्या देवींचा विषाणु आतां ओळखला गेला आहे. १९७६ सालीं मंगोलियांत मिळालेल्या विषाणूच्या जनुकसंचाचें वाचन २००६ सालीं प्रसिद्ध झालें. १९०२ सालीं अमेरिकेंत तयार झालेल्या लशीचा एक नमुना २०१७ सालीं तपासला गेला. त्यांतील विषाणूचा गाभा याच विषाणूशीं अत्यंत जुळणारा निघाला. एवढ्यानें जेन्नरची प्रत्येक लस घोड्याची ठरत नाहीं. मात्र त्याचें मत हास्यास्पद होतें असें म्हणण्यास आतां आधार उरला नाहीं. व्हिएन्नाहून बगदाद-बसऱ्याच्या वाटेनें आलेली लस १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस लागू पडली. म्हणून या वादाशीं आमचाही संबंध आहे.

नांवानें होणारी फसगत उपचारांतही तितकीच घडते. चिखलांत राहणाऱ्या घोड्याच्या पायांस खपल्या धरतात, त्यांचें कारण कधीं जंतु असतात, कधीं खरजेचे सूक्ष्म कीटक, कधीं बुरशी, तर कधीं उन्हानें पोळलेली कातडी. केंस कापून पाय स्वच्छ धुणें, पूर्ण कोरडे करणें व ओली जागा बदलणें हें बहुतेकांस हितकर. पण कीटकांवर जंतुनाशक औषध चालत नाहीं. आपल्याकडील ‘बरसाती’ हें नांवही पावसाळ्यावरून पडलें आहे. त्या व्रणाचें कारण मात्र माश्यांनीं आणलेल्या कृमींच्या अळ्या होत. ऋतु पाहून नांव ठेवणारानें काल अचूक सांगितला, कारण सांगितलें नाहीं.

आमच्या पागांच्या कागदांत घोड्यांच्या औषधखर्चाची नोंद आढळतांच तिच्यापुढें आजच्या रोगाचें नांव लिहिण्याचा मोह संशोधकानें आवरावा. मूळ शब्द, ऋतु, घोड्याचें लक्षण व औषध हीं जशींच्या तशीं द्यावीं. मोतद्दाराची साक्ष अशिक्षिताची म्हणून टाकूं नये, व ती आपली म्हणून मानूंही नये. लंडनच्या विद्वानांनीं पहिली चूक केली, जेन्नरनें दुसरी. त्या साक्षीचे भाग पाडून एकेक तपासण्याचें काम लॉयनें केलें. संशोधनाचा मार्ग तोच, असें आमचें मत आहे.