'फॉलन' : फळीवरून उतरविलेली विनवणी

गेल्या नोव्हेंबरात, मृत श्रद्धावंतांच्या स्मरणदिनानंतर, येथे पिंपळगाव बसवंतला धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने आम्हांस विचारले, "फादर, हे गाणे ऐकणे पाप आहे का?" घरी आईने ते 'सैतानी संगीत' म्हणून बंद करविले होते. गाणे होते 'टूर्निकेट'. अमेरिकेतील 'एव्हनेसन्स' ह्या रॉक वाद्यवृंदाच्या 'फॉलन' ह्या ध्वनिमुद्रिकेतील. न ऐकता निवाडा देणे बरे नव्हे, म्हणून आम्ही त्यातील अकराही गाणी लक्षपूर्वक ऐकली.

गायिका एमी ली व गिटारवादक बेन मूडी ह्यांची भेट 1994 मध्ये आर्कान्सा राज्यातील एका ख्रिस्ती युवा शिबिरात झाली. 'फॉलन' 4 मार्च 2003 रोजी प्रसिद्ध झाली. हार्ड रॉक म्हणजे गिटारींचा व ढोलांचा गदारोळ, अशी आपली समजूत असते. तो येथे आहेच. परंतु त्याच्या जोडीला पियानो, तंतुवाद्ये व गायकवृंद आहेत, आणि ह्या सर्वांवरून एका स्त्रीचा आर्त, स्वच्छ स्वर निघून जातो. 2004 साली वाद्यवृंदास दोन ग्रॅमी पुरस्कार लाभले.

आरंभी ही ध्वनिमुद्रिका तेथील ख्रिस्ती दुकानांतही विकली जात असे. आपण 'ख्रिस्ती बँड' नव्हे, असे सदस्यांनी मुलाखतीत उघडपणे सांगितले. तेव्हा एप्रिल 2003 मध्ये कंपनीनेच ती फळीवरून उतरविण्यास दुकानांना कळविले. गाण्यांतील एक अक्षरही बदलले नव्हते. बदलली होती ती वरची चिठ्ठी.

'टूर्निकेट' म्हणजे रक्तस्राव थांबविण्यासाठी आवळून बांधावयाचा पट्टा. हे गीत मुळात 'सोल एम्ब्रेस्ड' ह्या ख्रिस्ती मेटल वाद्यवृंदाचे. स्वतःचाच घात केलेला जीव अखेरच्या क्षणी तारणाऱ्याला विचारतो, की माझ्यासाठी अजून दार उघडे आहे काय? हा प्रश्न सैतानाचा नव्हे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, तरी ख्रिस्तसभा ते आजही प्रार्थनेत म्हणते. 1917 च्या धर्मविधिसंहितेने हेतुपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. 1983 च्या संहितेतून तो निर्बंध गेला. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथातील 2283 वा परिच्छेद तर अशा जीवांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असेच शिकवितो. गारपीट आणि कर्ज ह्यांनी खचलेली घरे आपल्या ह्या द्राक्षबागांच्या मुलुखात आपण पाहिली आहेत. तेथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

'हॅलो' हे गीत एमी लीच्या बालपणी निवर्तलेल्या धाकट्या बहिणीविषयीचे आहे. पियानोच्या मंद साथीवर ते जवळजवळ कुजबुजत येते. आम्हांस ते सर्वांत प्रामाणिक वाटले.

दोषही आहेत. 'ब्रिंग मी टू लाइफ' मध्ये पुरुषाचा स्वर कंपनीच्या आग्रहास्तव घातला गेला. एकट्या स्त्रीच्या आवाजावर विश्वास ठेवण्याचे धैर्य व्यापाऱ्यांस झाले नाही. 2017 च्या 'सिंथेसिस' मध्ये तेच गीत वाद्यमेळासह त्या स्वरावाचून आले आणि उणीव काही भासली नाही. शिवाय अनेक गीतांची घडण सारखीच : शांत आरंभ, मग एकाएकी उसळी. तिसऱ्या-चौथ्या गीतानंतर उसळीचा धक्का बसेनासा होतो. सर्वांत मोठी उणीव अशी, की पुष्कळ गीतांत तारणाची अपेक्षा दुसऱ्या दुबळ्या माणसाकडूनच केली आहे, आणि त्याला तो भार पेलत नाही. व्यथा खोल आहे; आशा मात्र क्वचितच डोकावते.

तरीही 2006 च्या पुढील ध्वनिमुद्रिकेत हाच वाद्यवृंद मोझार्टच्या रेक्वियमकडे, म्हणजे आपल्याच ख्रिस्तसभेच्या जुन्या मृतोपासनेकडे वळला, हे विसरून चालणार नाही. शोकाला शब्द हवे असतात, आणि ते आपल्याकडे पूर्वीपासूनच आहेत.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, की ऐकणे पाप नाही. पण एकट्याने, दार लावून ऐकू नकोस. आणि त्याच्या आईस आमची विनंती आहे : गाणे बंद करण्यापूर्वी ते त्याच्याशेजारी बसून एकदा ऐकावे, आणि ते त्याला का आवडते, हे विचारावे. उत्तर कदाचित गाण्याविषयीचे नसेलही.