बिननावाची माणसे

विल्यम जॉन्सन हा मुंबईतला इंग्रज छायाचित्रकार. मुंबईत राहणाऱ्या आणि येऊनजाऊन असणाऱ्या जातीजमातींचे त्याचे पुस्तक लंडनमध्ये दोन खंडांत निघाले. गुजरात-कच्छ-काठेवाडचा खंड १८६३ साली, महाराष्ट्राचा १८६६ साली. छायाचित्रकलेच्या इतिहासात त्याला मानाचे पान आहे. मला मात्र त्यातली कारागिरीच अस्वस्थ करते. माणसांचे फोटो स्टुडिओत घ्यायचे, आकृती कापून भलत्याच ठिकाणच्या देखाव्यावर चिकटवायच्या आणि पुन्हा फोटो काढायचा! पायांखालची जमीनसुद्धा त्यांची नाही. मथळा जातीचा, नाव कुणाचेच नाही.

कुणी म्हणेल, ओल्या काचेचे ते तंत्र. बाहेर खटपट अवघड होती. खरे आहे. पण नाव लिहायला कोणती काच आड येत होती?

पुढे हीच रीत सरकारी झाली. लॉर्ड कॅनिंग यांच्या हौसेतून सुरू झालेला संग्रह १८५७ नंतर सरकारी काम बनला आणि १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. चारशेंवर छायाचित्रे आणि सोबत अमुक जात राजनिष्ठ, तमुक बेभरवशाची, असे शेरे. आम्ही मास्तर प्रगतिपुस्तकात मारतो तसेच. फक्त आम्ही शेऱ्याच्या वर मुलाचे नाव लिहितो. एका रकान्याने माणसाचे काय होते, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

१८६९ साली सर सय्यद अहमद खान आणि त्यांचा मुलगा महमूद लंडनच्या इंडिया ऑफिसात हे पुस्तक पाहत होते. एका तरुण इंग्रजाने महमूदला विचारले, तुम्ही हिंदुस्थानी का? होय म्हणताना तो शरमला, आणि आपण इथल्या मूळ रहिवाशांपैकी नव्हे, असेही त्याने लगोलग सांगून टाकले. सय्यदसाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. चित्रातला माणूस आपला नाही, असे आपल्याच माणसाकडून वदवून घेणे, हे त्या ग्रंथाचे सर्वांत मोठे यश, असे मी समजतो.

कॅमेरा आपल्या हाती असता तर? होताच की. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे १८५० च्या दशकात मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत होते. त्यांनीही धंद्यावरून ओळखायची माणसे टिपली. तेव्हा सगळा दोष गोऱ्यांच्या माथी मारून भागत नाही.

ही चित्रे टाकून द्यावीत असे मी म्हणणार नाही. मजकूर हाताने झाकून पाहावीत. लुगड्याची नेसण, पागोट्याचा पेच, आणि ताटकळून उभे राहिलेल्या माणसाचा चेहरा.