मेंदूवर पहुडलेला माणूस

शरीरशास्त्राच्या अनेक पुस्तकांत एक गमतीदार चित्र असते. मेंदूच्या उभ्या छेदाच्या कडेवर एक बेढब माणूस आडवा पसरलेला दिसतो. ओठ जाड, अंगठा भलामोठा, पाठ मात्र जेमतेम. हा ‘होमन्क्युलस’, म्हणजे चिमुकला माणूस. आम्हीही तो फळ्यावर अनेकदा काढला आहे. पण हे चित्र जितके लोकप्रिय तितकेच ते अपुरे आहे, आणि आपली ते शिकवण्याची पद्धत त्याहूनही अपुरी आहे, असे आम्हाला वाटते.

आधी त्याचे श्रेय देऊ. मॉन्ट्रियल येथील शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड अपस्माराच्या व मेंदूतील गाठींच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करीत. डोक्याची कातडी बधिर केली जाई, पण रुग्ण जागा असे. कारण खुद्द मेंदूला वेदना जाणवत नाही. मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युत्प्रवाह दिला की कोणाचा अंगठा हले, कोणाच्या ओठाला मुंग्या येत. त्या त्या जागी क्रमांकाची चिठ्ठी ठेवली जाई. अशा नोंदी पेनफील्ड व एडविन बोल्ड्री यांनी १९३७ साली प्रसिद्ध केल्या. रासमुसेन यांच्यासह लिहिलेल्या १९५० च्या ग्रंथात चित्राला आज परिचित असलेले रूप मिळाले. अवयवाचा मेंदूतील वाटा त्याच्या आकारावर नव्हे, तर स्पर्शाच्या व हालचालीच्या बारकाव्यावर ठरतो, हे तत्त्व त्याने एका दृष्टिक्षेपात समजावले.

मग दोष कोणता? शंभराहून अधिक माणसांच्या वेगवेगळ्या उत्तरांचा मिळून येथे एकच माणूस झाला. त्यांच्यातील फरक पुसले गेले, सरमिसळ असलेल्या सीमा ठळक रेषा बनल्या. शिवाय बोलणे, वस्तूचे नाव आठवणे यांना या चित्रात जागाच नाही.

हा फरक किती महत्त्वाचा, हे गाठ काढणाऱ्या शल्यविशारदाला विचारावे. तो या चित्रावर विसंबून सुरी चालवत नाही. गाठीमुळे मेंदूचे भाग सरकलेले असू शकतात आणि भाषेच्या जागा तर माणसागणिक बदलतात. जॉर्ज ओजेमन व सहकाऱ्यांनी १९८९ साली ११७ रुग्णांच्या अभ्यासातून हे दाखवून दिले. म्हणून आजही रुग्णाला जागे ठेवून चित्रे दाखवतात, आकडे मोजायला लावतात. प्रवाह देताच एखाद्या जागी रुग्णाची वाचा थांबली किंवा समोरच्या वस्तूचे नाव पुन्हा पुन्हा सुचेनासे झाले, तर ती जागा राखली जाते. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या २५० रुग्णांच्या अहवालात वाचा थांबवणारी जागा फक्त १४५ जणांत सापडली. सहा महिन्यांनी हयात असलेल्या २४३ जणांपैकी चौघांतच शस्त्रक्रियेमुळे आलेला भाषेचा दोष टिकून होता. हे यश छापील नकाशाचे नव्हे, प्रत्येकाला नव्याने विचारलेल्या प्रश्नांचे आहे.

२०२३ साली तर मूळ रेखाटनालाच धक्का बसला. ‘नेचर’मधील एका संशोधनानुसार हालचालींच्या पट्ट्यात पाय, हात व तोंड यांच्या भागांमध्ये वेगळेच भाग आढळले. ते एखाद्या अवयवाचे नसून संपूर्ण शरीराच्या हालचालींच्या आखणीशी जोडलेले दिसतात. म्हणजे तो माणूस सलग पहुडलेलाच नाही!

मग चित्र फळ्यावरून पुसून टाकावे काय? आमचे तसे म्हणणे नाही. मात्र ते उत्तर म्हणून न देता प्रश्न म्हणून द्यावे. केसांच्या आकड्याची दोन बोथट टोके एकाच वेळी मित्राच्या बोटाच्या अग्रावर व पाठीवर हलकेच टेकवून पाहावीत. बोटावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावरची टोकेही वेगळी कळतात. पाठीवर ती काही सेंटिमीटर दूर न्यावी लागतात. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःची मापे लिहावीत व शेजाऱ्याशी ताडून पाहावीत. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. त्या न जुळण्यातच धडा आहे, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या रुग्णाची वाचा त्याच धड्यावर अवलंबून असते.